बशी निळीच राहिली

१

मुनी, आमचा अबोल शास्त्रज्ञ, गेला तेव्हा सगळ्यात आधी मला बोलावलं गेलं, पण ते काही मायेपोटी नाही. मी या प्रयोगशाळेची सुरक्षा अधिकारी. कोणी भाजलं, कोणी घसरलं, कुठं ॲसिड सांडलं की माझी आठवण होते. एरवी माझ्याशी कोणी चार शब्द बोलत नाही. माझ्या मागं मला भोंगाबाई म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणा बापडे! भोंगा वाजतो म्हणून तुमची हातपायाची बोटं शाबूत आहेत, असं मनात म्हणायचं आणि पुढं चालायचं.

साहेब, म्हणजे आमचे प्रमुख, आतल्या खोलीच्या दारात उभे होते. चेहरा पार उतरलेला.

"मी आत्ता आलो," ते म्हणाले. "दार सताड उघडं होतं, व्हेंट चालू होता, आणि हा असा. नायट्रोजन सुरूच होता, तेवढा मी बंद केला."

आतली खोली कपाटाहून जरा मोठी, बिनखिडकीची. तिच्यात काचेची एक बंद पेटी आहे. हवा लागू न देता करायची कामं त्या पेटीत रबरी हातमोज्यांतून हात घालून करायची. पेटीत सतत नायट्रोजन सोडलेला असतो आणि तो शेवटी बाहेर पडतो खोलीतच. म्हणून भिंतीत वर व्हेंट आहे. व्हेंट म्हणजे हवा बाहेर फेकणारा पंखा आणि त्याच्यापुढं पत्र्याची झडप. पंख्याचं बटण आणि झडपेची दांडी दोन्ही बाहेर बोळात, दाराशेजारी. दारावर एक रिकामा खिळा होता. तिथं ऑक्सिजनचा अलार्म असायला हवा. रंगकामाच्या वेळी तो उतरवला आणि कपाटात गेला. परत टांगा, परत टांगा म्हणून ओरडून मी घसा बसवून घेतला होता. पण भोंग्याचं कोण ऐकतं!

मुनी खुर्चीवरून घसरून भिंतीला टेकला होता. डोळे मिटलेले. पेटीतून निघालेली नायट्रोजनची एक नळी त्याच्या खांद्याशी पडलेली. टेबलावर काचेची पसरट बशी आणि तिच्यात शाईसारखं निळं पाणी. मी त्या बशीकडे पाहिलं, कारण मुनीकडे बघवेना. आम्ही दोघं कितीतरी वर्षं कँटीनमध्ये समोरासमोरच्या टेबलांवर एकटे जेवत होतो. मान डोलवायचो, बस. पण त्या डोलावण्यावर माझा दिवस जायचा, हे मला त्या सकाळी कळलं.

डॉक्टर आले, पोलीस आले, त्यांनी आपापली कामं केली. "हृदयाचा झटका असणार," साहेब जो भेटेल त्याला सांगत होते.

दोन दिवसांनी शवचिकित्सेचा निकाल आला. मुनीचं हृदय ठणठणीत होतं. तो गुदमरून गेला होता.

२

आता गंमत बघा. दार उघडं, पंखा चालू, मग खोलीत नायट्रोजन साचेल कसा? आणि साचला नाही तर माणूस गुदमरेल कसा? एकच उत्तर उरतं. नळी त्यानं स्वतःच नाकाशी धरली.

आणि हे उत्तर सगळ्यांना पटलं, याचा मला फार राग आला. "एकटाच होता हो," "कधी हसताना पाहिलं नाही," "मनात काय चाललंय कळायचंच नाही." एकट्या माणसाबद्दल लोक काय वाटेल ते पटवून घेतात. उद्या मी जिन्यावरून पडले तर माझ्याबद्दलही हेच बोलतील.

चौथ्या दिवशी त्याची थोरली बहीण आली. उंच, ताठ, हातात कापडी पिशवी. मुनीचं टेबल आवरायला म्हणून आली होती, पण खुर्चीत बसून राहिली. मी चहा आणून दिला तर तो तिनं तसाच गार केला.

"तुम्ही त्याला ओळखत होता?" तिनं विचारलं.

"जेवताना बघायचे रोज."

"म्हणजे माझ्यापेक्षा जास्त." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, ताई, निवृत्त झाल्यावर तुझ्याकडे येऊन राहू का? मी एकटीच असते, घर मोठं आहे. आणि मी काय म्हणाले माहितीय? 'बघू.' एवढंच. बघू! त्यानं पुन्हा विचारलं नाही. आणि आता हे."

मी तिचा गार चहा उचलून बाजूला ठेवला.

"त्यानं ते माझ्यामुळं केलं का, एवढंच मला कळायला हवं," ती म्हणाली. "हो असेल तर हो सांगा. पण खरं सांगा. मी इथं आठवडाभर आहे."

३

मुनीचं काम समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. धातूचे आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना धरून गोळा होतात, त्याला आम्ही पुंजका म्हणतो. मुनीचे पुंजके पाण्यात विरघळले की पिवळे दिसायचे. एखाद्या पदार्थाला ऑक्सिजन द्यायचा, त्याचं ऑक्सिडीकरण करायचं, तर हा पुंजका मध्यस्थी करतो. काम करता करता स्वतः निळा पडतो. मग त्याला मोकळी हवा द्या, हवेतला ऑक्सिजन घेऊन तो हळूहळू हिरवा, मग पुन्हा पिवळा. पुन्हा कामाला तयार. एरवी या कामाला क्रोमियमची विषारी संयुगं वापरतात आणि मग ती नदीनाल्यात जातात. मुनीचं म्हणणं, कशाला विष? याला फक्त हवा लागते.

दिवस संपला की तो वापरलेलं निळं पाणी पसरट बशीत ओतून ठेवायचा. रात्रभर हवा खाऊन सकाळी पिवळं. त्याची ती रोजची पद्धतच होती.

मी आधी साहेबांना गाठलं. "दार उघडंच होतं ना?"

"किती वेळा सांगू? उघडं होतं, व्हेंट चालू होता." त्यांनी चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. "बाई, गेलेल्या माणसाला आता शांतपणे जाऊ द्या."

"आणि अलार्म?"

"तो या आठवड्यात टांगणारच होतो."

होय तर! घोडं पळाल्यावर तबेल्याला कुलूप.

मग नवी. नवी म्हणजे मुनीच्या हाताखालची संशोधक. दुसऱ्या प्रयोगशाळेतून आली त्याला वर्ष होत आलं, तरी तिचं नाव नवीच पडलं. त्या संध्याकाळी खोलीतून शेवटची तीच बाहेर पडली होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"सर पेटीत हात घालून बसले होते," ती म्हणाली. "रोजच्यापेक्षा नायट्रोजन जास्त सोडला होता, बाटल्यांतली हवा त्यानं हुसकायची होती म्हणून. मी निघाले तेव्हा म्हणाले, जाताना व्हेंट लाव गं."

"मग?"

"मग लावली की. लावूनच गेले. त्यांचा शब्दन् शब्द ऐकायचे मी."

"आणि दार?"

"दार ते कामात असले की बंदच ठेवायचे. मी ओढून घेतलं. नंतर त्यांनी उघडलं असेल."

म्हणजे साहेबांचं खरं. व्हेंट लावलेला होता. आता ताईला काय सांगायचं? सगळं त्याच एका उत्तराकडे चाललं होतं.

आणि तेवढ्यात अत्तरानं मला जिन्यात अडवलं.

४

अत्तर हा मुनीचा बरोबरीचा शास्त्रज्ञ. सुगंधी द्रव्यं बनवायला मुनीचे पुंजके वापरायचे, हे त्याचं डोकं, म्हणून नाव पडलं अत्तर. शोध माझा की तुझा यावरून दोघांची जुंपलेली. मुनी गेला त्या दिवशी दुपारीही तो बोळात ओरडला होता, "तुला बघून घेतो!" सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यामुळं नळीची गोष्ट निघेपर्यंत सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच होत्या.

"भोंगाबाई," तो म्हणाला, तोंडावरच म्हणाला. "तुम्ही चौकशी करताय असं ऐकलं."

"करतेय. तुम्ही त्या संध्याकाळी कुठं होता?"

"त्याच्या दाराशी."

मी पायरीवर तशीच थांबले.

"माफी मागायला गेलो होतो. हसू नका."

"हसत नाही."

"दार बंद होतं. चांगलं घट्ट बंद. मी हात उचलला ठोठावायला आणि..." त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. "आत इतकं शांत होतं. मला वाटलं, कामात असेल, उगाच कशाला. खरं सांगायचं तर माझा ताठा आडवा आला. म्हटलं, उद्या बघू. ठोठावलं असतं तर?"

"आत शांत म्हणजे? व्हेंटची घरघर?"

"नव्हती. व्हेंट बंद होता. तो पंखा लागला की सगळ्या बोळात ऐकू येतो."

"पोलिसांना का नाही सांगितलं?"

"तुला बघून घेतो म्हणणारा माणूस संध्याकाळी त्याच्याच दाराशी उभा होता, हे सांगू?" तो कडवट हसला. "कोणी विश्वास ठेवला असता?"

मीही ठेवला नाही. साहेब म्हणतात चालू, नवी म्हणते लावून गेले, आणि हा एकटा म्हणतो बंद. दोघांची साक्ष एकीकडे, भांडखोराची एकीकडे. कोणीही म्हणेल अत्तर खोटं बोलतोय.

पण खोटं बोलणारा माणूस स्वतःला दाराशी कशाला नेऊन उभा करील?

५

मग मला बशी आठवली.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा ती निळी होती. काठापासून काठापर्यंत निळी. मुनीला बाहेर काढेपर्यंत तिच्या कडेला हिरवट झाक आली होती आणि दुपारी खोली बंद करताना ती पिवळी दिसली. आमच्यापैकी प्रत्येकानं ते पाहिलं असणार. पण रंग बदलणं इथं इतकं रोजचं की कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मी मुनीच्या कपाटातून घट्ट झाकणाची निळ्या पाण्याची बाटली काढली. तीच बशी, तीच खोली. दार सताड उघडलं, पंखा सुरू केला, बशी भरली आणि शेजारी स्टूल टाकून बसले. येणारेजाणारे डोकावत होते. "बाई, पाण्यावर नजर ठेवून बसलाय? पळून जाणार आहे का?" एकानं विचारलं. मी त्याला त्याचा मास्क कुठंय विचारलं, तसा तोच पळाला.

कार्यालय सुटायच्या आत बशी पिवळी झाली होती.

आता तुम्हीच सांगा. साहेब म्हणतात तसं दार रात्रभर उघडं असतं, पंखा चालू असता, तर सकाळी बशी पिवळी धमक दिसायला हवी होती. ती निळीच राहिली, कारण तिला हवा मिळालीच नाही. रात्रभर त्या खोलीत ऑक्सिजनच नव्हता. मी पोचायच्या थोडंच आधी कोणीतरी दार उघडलं आणि तेव्हा कुठं बशीला श्वास मिळाला.

म्हणजे सगळी खोलीच नायट्रोजननं भरली होती. नळी नाकाशी धरायची गरजच नव्हती; ती बाटल्यांतली हवा हुसकायची नळी, तो घसरला तेव्हा त्याच्याबरोबर ओढली गेली असणार. नायट्रोजनचं हेच वाईट. वास नाही, ठसका नाही, जीव घाबरत नाही. माणसाला कळतच नाही की आपण नुसताच श्वास घेतोय. थोडी चक्कर येते आणि संपलं.

आणि दुसरं. ज्याला उद्याचा दिवस बघायचाच नाही, तो उद्याच्या कामासाठी बशी ओतून ठेवील?

माझा जीव जरा हलका झाला. पण जरासाच. अत्तर खरं बोलला होता. मग साहेब खोटे. आणि नवीही खोटी. ते सुजलेले डोळे घेऊन ती पोरगी माझ्याशी खोटं बोलली होती?

६

एकटी राहणारी माणसं मोठ्यानं बोलतात. मी बोलते, उगाच नाही कशाला म्हणू? घरात पाऊल टाकलं की मी स्वतःलाच कामं सांगते. नाहीतर दिवसभरात आपला आवाज आपल्यालाच ऐकू यायचा नाही.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला घरी आले. पिशवी ठेवली आणि सवयीनं म्हटलं, "चला, आधी दार लाव. मग दिवा लाव."

दार लावलं. दिव्याच्या बटणाशी हात गेला आणि तिथंच राहिला.

दार लावलं म्हणजे बंद केलं. दिवा लावला म्हणजे सुरू केला. एकच शब्द! खिडकी लाव, झाकण लाव, कुलूप लाव म्हणजे बंद. पंखा लाव, गॅस लाव, मोटार लाव म्हणजे चालू. जन्मभर हे बोलतोय आपण, कधी कोणाचा घोटाळा होत नाही. कारण दार काय आणि दिवा काय, ते ठाऊक असतं.

पण व्हेंट? व्हेंट म्हणजे पंखाही आणि झडपही.

आणि मग नवीचं वाक्य मला जसंच्या तसं ऐकू आलं. 'मग लावली की.' लावली! आमच्याकडे व्हेंट हा तो आहे. साहेब म्हणाले, व्हेंट चालू होता. अत्तर म्हणाला, व्हेंट बंद होता. पंखा कोणी लावली म्हणत नाही, लावला म्हणतात. मग ही पोरगी लावली म्हणते ती काय?

मी अंधारातच खुर्चीत बसले. मुनी, अरे मुनी, काय बोलून बसलास तू!

७

"काय लावलीस?" दुसऱ्या दिवशी मी नवीला विचारलं. कँटीनच्या कोपऱ्यात नेलं होतं तिला, लोक यायच्या आधी.

"अं?"

"सर म्हणाले व्हेंट लाव. तू काय लावलीस?"

"झडप." तिनं साधेपणानं सांगितलं. "दांडी खाली ओढून लावली. आमच्या आधीच्या लॅबमध्ये वजनं करायची असली की ती लावायचोच आम्ही. वाऱ्याची झुळूक आली तरी काटा हलतो ना. आम्ही तिलाच व्हेंट म्हणायचो. सरांना वजनं करायची असतील असं..."

बोलता बोलता ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मला चेहरा सांभाळता येत नाही. कधीच आला नाही.

"पंखा," ती म्हणाली. "सर पंख्याबद्दल म्हणत होते."

मी तिचा हात धरला.

"साहेब तर म्हणाले पंखा चालू होता," ती पुटपुटली. "मला वाटलं, सरांनीच उठून लावला असेल. बाई, मी लावली. मी माझ्या हातानं लावली."

"तू त्यांचं ऐकलंस."

"ऐकलं नाही! ऐकलं असतं तर..." आणि मग ती तोंडावर ओढणी धरून इतकी रडली की कँटीनवाल्यानं दिवे लावायचं थांबवून आमच्याकडे पाहिलं.

रडणं ओसरल्यावर तिनं तोंड धुतलं. म्हणाली, "त्यांच्या ताईंना कोण सांगणार?"

"मी सांगेन. तुझा विषय टाळूनही सांगता येईल."

"नाही," नवी म्हणाली. "मी येते."

८

साहेबांपुढं मी फार घोळ घातला नाही. बशी टेबलावर ठेवली, निळं पाणी ओतलं आणि म्हटलं, "हे पिवळं व्हायच्या आत खरं सांगा."

त्यांनी बशीकडे पाहिलं. इतकी वर्षं या विषयात घालवलेला माणूस. त्यांना एका शब्दानंही समजावून सांगावं लागलं नाही.

"दार बंद होतं," ते म्हणाले. "उघडलं, तो खाली दिसला. हात लावला, गार. मी दांडी ओढून झडप उघडली, पंखा लावला. तेव्हा लक्षात आलं, झडप बंद होती. संध्याकाळी शेवटची कोण गेली ते मला माहीत होतं. लहान आहे हो ती. म्हटलं, म्हातारा गेला तो गेला, पोरीचं आयुष्य कशाला जाळा? दार उघडं होतं म्हणालो. लोकांना वाटेल झटका आला, संपेल."

"आणि तुमचा अलार्म कपाटात होता, त्याचं काय?"

त्यांनी मान खाली घातली. "तेही होतंच. पोरीसाठी केलं म्हणतो, पण निम्मं स्वतःसाठीच केलं."

"तुमच्या उघड्या दारामुळं त्यानं आत्महत्या केली असं ठरलं. तिकडं त्याची बहीण आठवडाभर स्वतःला खातेय."

"शवचिकित्सेचा निकाल आला तेव्हा कळलं मला. पण तोवर बोलून बसलो होतो. एकदा बोललेलं मागं कसं घ्यायचं?"

"तोंडानं," मी म्हटलं. "ज्या तोंडानं बोललात त्याच तोंडानं. आज. पोलिसांपुढं."

मला वाटलं होतं ते चिडतील. ते उठले, कोट घातला आणि माझ्या आधी दाराशी पोचले.

९

ताई उतरली होती ती खोली लहान होती. एक पलंग, दोन खुर्च्या, मागं चिमुकलं स्वयंपाकघर. नवी पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं सगळं स्वतः सांगितलं. दांडी, झडप, तो शब्द. एकदाही थांबली नाही. मी फक्त बशीचा भाग सांगितला.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे त्यानं स्वतःहून नाही केलं?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला कळलंही नाही."

"माझ्यामुळं नाही?"

"नाही, ताई."

मला वाटलं ती मोकळी होईल. ती नुसतीच खिडकीबाहेर बघत बसली. "आठवडाभर मी स्वतःला शिव्या देत होते," ती म्हणाली. "सकाळी उठायचं आणि शिव्या द्यायच्या. तेवढा तरी उद्योग होता. आता नुसता तो नाही."

नवी मुसमुसायला लागली. ताईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, मी नाही म्हणणार नाही. तो असायचाच. पण त्या रागातूनही काही तरी चाचपडत होतं.

"तू त्याच्याबरोबर रोज असायचीस," ती नवीला म्हणाली. "तो काय बोलायचा गं? मी फोनवर विचारायची जेवलास का, तो म्हणायचा हो. संपलं. मला त्याचं काहीच ठाऊक नाही."

"सर फार बोलायचे नाहीत."

"जे बोलायचा ते सांग."

नवीनं नाक पुसलं. "त्या दिवशी खुशीत होते. मला म्हणाले, तू लवकर शीक सगळं, मी आता थोड्या दिवसांचा. मी विचारलं, कुठं जाणार? म्हणाले, ताईकडे. तिला विचारलंय. मी म्हटलं, काय म्हणाल्या? तर हसले. 'बघू म्हणाली. म्हणजे झालंच. आमची ताई नाही म्हणायची असली की तोंडावर नाही म्हणते. बघू म्हणाली म्हणजे खोली झाडायला लागली असेल.'"

ताईचा हात तोंडावर गेला.

"गाढव," ती म्हणाली. "अगं, मी नाहीच म्हणणार होते. मला कोणाची सवय नाही राहिली आता. पुढच्या फोनला सांगणार होते, जमायचं नाही म्हणून."

तिनं नवीकडे तोंड वळवलं.

"तो येणारच होता," ताई म्हणाली. "त्याच्या हिशेबी त्याचं ठरलं होतं. हसला म्हणालीस ना? खरंच हसला?"

"हो," नवी म्हणाली. "मोठ्यानं."

मग ताई रडली. वाकून, ओक्साबोक्शी, लहान मुलासारखी. नवी जागची उठली, घुटमळली, आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. ताईनं तिला दूर केलं नाही. मी पाणी आणायला उठले. भांडी कुठं असतात ते कोणाला विचारायची सोय नव्हती, म्हणून एकेक फडताळ उघडत मीच शोधत राहिले.